विहिरीला भिणारे देवजीकाका

देवजीकाका झाकण उघडत आणि चालू लागत. मागे वळून न बघता वीस पावलं, थेट बदामाच्या झाडापर्यंत. तिथे वाऱ्याची दिशा बघून ते उकिडवे बसत आणि जवळपास जो कोणी असेल त्यालाही बसवत, मग तो साहेब असो की माळी. अर्धा तास त्या उघड्या तोंडाकडे कोणी फिरकायचं नाही. कोणी घाई केली, आवाज चढवला, तरी काका हलत नसत.

ही विहीर पाण्याची नव्हे. डहाणूच्या बाहेर, आशागडच्या पुढे एक मोठी वसाहत आहे. तिथल्या सगळ्या घरांचं सांडपाणी आणि मैला जमिनीखालच्या नळांतून वाहत येऊन ज्या वीस फूट खोल टाकीत पडतो, तिला आमच्या प्रकल्पावर सगळे विहीर म्हणत. तिथून पंप ते पाणी वर उचलून पुढच्या टाक्यांत ढकलत आणि चार ठिकाणी फिरून, स्वच्छ होऊन ते वसाहतीच्या बागेत जाई. मी २०१४ साली तिथे केमिस्ट म्हणून लागले. वाणगावची, नुकती बी.एस्सी. झालेली. पाण्याचे नमुने तपासायचं काम माझं, पंप चालवायचं काम काकांचं.

पहिल्याच दिवशी मी नमुन्याची बाटली घेऊन विहिरीच्या काठाशी गेले आणि वाकून आत बघितलं. त्याच क्षणी कोणीतरी माझा दंड धरून मला असं मागे खेचलं की बाटली हातातून सुटून फुटली. मी संतापून वळले. समोर पन्नाशीचा, काटक, पांढऱ्या खुंटांचा माणूस उभा होता. माझ्यापेक्षा तोच जास्त घाबरलेला होता.

"ताई, वास आला काय?" देवजीकाकांनी विचारलं.

"आला ना. घाण वास आहे."

"वास येतो तवर बरा. वास गेला का पळायचा. माघारी बघायचा नाय."

मला वाटलं, अडाणी माणूस आहे. घरी जाऊन पुस्तक काढलं तेव्हा कळलं की मैल्यातून निघणारा तो वायू थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास गेला असं माणसाला वाटतं आणि पुढच्या एकदोन श्वासांत तो कोसळतो. मी तीन वर्षं रसायनशास्त्र शिकले होते, आणि हे मला तळासरीकडच्या एका पाड्यावरच्या, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाने सांगितलं होतं.

काका सगळ्यालाच भीत. विजेची पेटी उघडताना डावा हात पाठीमागे धरून ठेवत. वसाहतीच्या रस्त्याने चालताना गटाराच्या झाकणावर चुकूनही पाय देत नसत, वळसा घालून जात. आमचा वॉचमन त्यांच्या मागून येऊन मोठ्याने खाकरायचा, काका दचकायचे आणि तो हसायचा. काकाही हसत. "हां, भितो मी. तुम्हीपण भिया थोडा," असं म्हणून पुन्हा कामाला लागत. पण त्यांच्या पाळीत कधी पंप जळला नाही, कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गटाराच्या चेंबरमध्ये काय अडकलं आहे हे बघायला ते आरसा वापरत. उन्हाचा कवडसा आरशावर घेऊन खाली सोडायचा आणि वरूनच बघायचं. दाढीचा छोटा आरसा होता तो, खिशात असायचा.

माझं एक काम त्यांना फार आवडे. टाकीतलं गढूळ पाणी लिटरभर काचेच्या नळीत घ्यायचं आणि गाळ खाली बसायची वाट बघायची. काका स्टुलावर बसून ती नळी एकटक बघत. वर हळूहळू स्वच्छ पाणी दिसू लागलं की त्यांचे खांदे सैल पडत. एकदा दुपारी असेच बसले असताना, मी काही विचारलं नव्हतं तरी, ते बोलायला लागले.

"तिकडे गुजरातेत एका कारखान्यात होतो मी. मी, माझा मेहुणा, आजून दोघं. खड्डा साफ करायचा होता. पहिला उतरला तो पडला. दुसरा बोलला, चक्कर आली असंल, आणतो वर. तो पण पडला. मग मेहुणा निघाला. मी बोललो, नको जाव. तो बोलला, आरे, आपली माणसं हायत. गेला. चवथा मी."

"मग?"

"मग मी पळालो."

नळीतला गाळ अजून बसत होता. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"फाटकावर गेलो, वरडलो, माणसं आणली. पण कोण उतरंल? सांजच्याला काढले तिघांना. गावात कोण कायच बोलला नाय. बायको पण नाय. तिचा सख्खा भाव व्हता तो. यवढी वर्सं झाली, तिने आजून विचारला नाय मला."

त्या दिवसापासून मी झाडाखाली न कुरकुरता बसू लागले.

२०१८च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली. आधी कोणाला कळेना. सुरुंग उडाल्यासारखा आवाज येई आणि मग फळीवरची भांडी वाजत. मग रोजचंच झालं. तळासरीकडच्या पाड्यांवर घरांना भेगा पडल्या, माणसं अंगणात प्लास्टिक बांधून झोपू लागली, पोरांच्या शाळा झाडाखाली भरू लागल्या. प्रयोगशाळेत काचेची भांडी एकमेकांवर किणकिणली की मी दारात जाऊन उभी राही. नमुन्याचे आकडे दोनदोनदा लिहावे लागत. काकांनी खिडकीत पाण्याने भरलेला पेला ठेवला होता. काम करता करता ते त्याच्याकडे बघत आणि पाणी थरथरलं की ओरडत, "बाहेर! सगळे बाहेर!" रोज सकाळी आरसा घेऊन वसाहतीतलं एकेक चेंबर तपासत. "जमीन खालून काय करते ते आपल्याला कुठं दिसतं, ताई," असं म्हणत. त्यांची झोप उडाली होती, डोळे खोल गेले होते.

फेब्रुवारीत जे व्हायचं ते झालं. एका धक्क्यात विहिरीच्या भिंतीचा तुकडा निखळून खाली पडला आणि दोन्ही पंपांच्या तोंडाशी अडकला. येणारा नळ बंद करून टँकरने वरचं पाणी उपसलं, पण तळाला गुडघाभर गाळ आणि त्यात तो सिमेंटचा धोंडा. वसाहतीच्या तळमजल्यावरच्या न्हाणीघरांत मैला वर येऊ लागला. फोनवर फोन. गाळ वरूनच ओढून घेणारी गाडी दोन दिवसांनी मिळणार होती.

प्रकल्प चालवणाऱ्या कंत्राटदाराचे सुपरवायझर होते नितीनभाई. उंबरगावकडचे, बोलायला गोड. ते म्हणाले, "दोन दिवस लोक थांबणार आहेत काय? माणूस उतरवू. दहा मिनिटांचं काम आहे, मॅडम."

"माणूस उतरायचा नाय," काका म्हणाले.

"तुला कोण सांगतंय उतरायला? तू तर भितोस."

काका झाकण लावून त्यावर बसले. दिवसभर बसले. नितीनभाईंनी काढून टाकायची धमकी दिली, तरी उठले नाहीत. भाकरीही तिथेच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पाड्यावरून निरोप आला. धक्क्याने घराची भिंत पडली होती. बायकोला लागलं नव्हतं, पण काकांना जावं लागलं. जाताना मला म्हणाले, "ताई, मी दुपारला येतो. झाकण उघडू देव नका."

मी हो म्हणाले.

तासाभरात नितीनभाई नाक्यावरून दोन मजूर घेऊन आले. एकाचं नाव सुरेश, तिशीचा, अंगाने भरलेला. नितीनभाईंनी माझ्यापुढे परवानगीचा कागद ठेवला. त्यात एक रकाना होता: वायू मीटरने तपासला. आमचा मीटर दुरुस्तीला गेला होता आणि चार महिने आलेलाच नव्हता. शिवाय माणूस उतरवणं कायद्याने मना होतं, हे मला पाठ होतं. बाहेर वसाहतीतली माणसं ओरडत होती, नितीनभाई म्हणत होते की झाकण तासभर उघडं ठेवतो, काळजी करू नका. मी त्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. अक्षर माझंच होतं, वळणदार.

एवढंच केलं की सुरेशला काकांचा सुरक्षेचा पट्टा बांधायला लावला आणि पट्ट्याचा दोर विहिरीवरच्या तीन पायांच्या तिकाटण्याच्या कप्पीतून घेतला.

तासाभराने सुरेश शिडीवरून उतरला. "वास आहे, पण चालेल," असं खालून म्हणाला. मग त्याने गाळात पाय टाकला. खालून बुडबुडे फुटल्याचा आवाज आला. मी विचारलं, "सुरेश, वास येतोय का?"

तो म्हणाला, "नाय, आता नाय येत."

"वर ये!" मी किंचाळले. खाली काहीतरी जड पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही.

दुसऱ्या मजुराने आणि नितीनभाईंनी दोर ओढला. दोर ताणला गेला, पण येईना. दोरच खाली पंपाच्या नळाखाली अडकला होता. नितीनभाई रडकुंडीला आले होते. आणि मी, जिला सगळं माहीत होतं, ती शिडीवर पाय ठेवून उतरायला लागले. मी विचार केला नव्हता. खाली माणूस होता आणि सही माझी होती. दोन पायऱ्या उतरले असेन.

माझे केस कोणीतरी मुठीत धरले. वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी आली. पाड्यावरून नुकत्याच परतलेल्या काकांनी मला केसांना धरून वर ओढलं आणि सिमेंटवर फेकलं.

"एक गेला, पुरे!" ते ओरडले. "कोण उतरला तर पाय तोडीन!"

मग त्यांनी नितीनभाईंच्या हातातला दोर हिसकून सैल सोडला, कप्पीतून काढला, विहिरीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि तिथून ओढला. नळाखालचा दोर सुटला. "आता या इकडे. चौघं. एकदम." आम्ही चौघांनी दोर धरला. त्याच वेळी जमीन गुरगुरली. पायाखालचं सिमेंट हललं, पंपघराच्या काचा वाजल्या. नितीनभाई दोर सोडून पळाले. दुसरा मजूरही निघाला होता. काका त्याच्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "ओढ." तो थांबला. आम्ही तिघांनी ओढलं. धक्का कधी थांबला ते मला कळलं नाही.

सुरेश वर आला तेव्हा त्याचा चेहरा निळसर होता. काकांनी त्याला कुशीवर वळवून तोंड साफ केलं. बऱ्याच वेळाने, निदान मला तरी तसं वाटलं, त्याने श्वास ओढला. तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात बोलायला लागला.

मी सगळं लेखी दिलं, खोट्या खुणेसकट. नितीनभाईंना काढलं. माझी चौकशी झाली, ताकीद मिळाली. खरं तर अधिक मिळायला हवं होतं. काका मात्र त्या दिवसानंतर कामावर आलेच नाहीत. दोन आठवडे वाट बघून मी त्यांच्या पाड्यावर गेले.

घराची एक बाजू उघडी होती. अंगणात निळं प्लास्टिक बांधून त्याखाली संसार मांडला होता. काका कुडाची भिंत विणत होते. त्यांच्या बायकोने, जानकीकाकूंनी, मला पाणी दिलं.

"काका, कधी येताय?"

"नाय येणार, ताई."

"का? तुम्हाला कोणी काही म्हणालं का?"

त्यांनी हातातली काठी खाली ठेवली. "त्याला ओढला तवा जमीन हलत व्हती. तुम्ही बघितला ना? मी भिलोच नाय. घरी आल्यावर ध्यानात आला. मग दोन दिवस बघत राहिलो. झोप लागते, दचकत नाय. आसा माणूस विहिरीपाशी नको. कोणाला तरी घेऊन जायाचा."

मी म्हणाले, "मग मी काय करू? मला तर आता झाकण बघितलं तरी घाम फुटतो."

"मग तुम्ही बऱ्या," ते म्हणाले.

जानकीकाकू चुलीपाशी बसल्या होत्या. चुलीत लाकूड सारता सारता, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तो दोर तवा आसता, तर माझा भाव आला आसता काय वर?"

प्रश्न मला होता. मी म्हणाले, "दोर असता तर कदाचित आला असता, काकू. पण नव्हता. काका उतरले असते तर तिथून चौथा मृतदेह निघाला असता, दुसरं काही झालं नसतं."

काकूंनी विस्तव सारखा केला. मग म्हणाल्या, "मला वाटलाच व्हता."

"मग बोलली का नाय?" काकांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला आधी कळलंच नाही ते बोलले म्हणून.

काकू काही सांगणार तोच तो आवाज आला, लांबून, जमिनीच्या पोटातून. पाड्यावरच्या कोंबड्या ओरडल्या. मी उडी मारून उभी राहिले. काकू चुलीपासून उठल्या, दोन पावलांत काकांपाशी गेल्या आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. प्लास्टिक फडफडलं, डबे वाजले, मग सगळं थांबलं.

काकूंनी हात सोडला नाही. काका खाली मान घालून उभे होते आणि त्यांचं सगळं अंग कापत होतं, थांबत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या कडेला ठेवला आणि निघाले.