भाकरी थापताना बसणारा झटका

आईच्या कमरेत काडेपेटीएवढं यंत्र बसवलंय. त्यातून निघालेली बारीक वायर मणक्याशी जाते आणि पायातली कळ मेंदूत पोचायच्या आत अडवते, असं मला सांगितलं होतं. नागापूरच्या कंपनीत क्रेट उचलून आईची पाठ गेली. दोन ऑपरेशनं झाली, तरी कळ राहिलीच. मग एका ट्रस्टच्या मदतीनं हे यंत्र मिळालं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली, म्हणून कागद वाचायचं काम माझं. दुष्परिणामांचं पान मी घाईत उलटलं होतं, हे लिहायलाच हवं.

कळ खरंच कमी झाली. दुसऱ्या महिन्यात मात्र चुलीपुढं बसून भाकरी थापताना आईच्या बरगडीत झटका बसला. हात उडाला, पीठ सांडलं. पुढं ते रोजचंच झालं. शेजारच्या काकूंनी एकदा पाहिलं आणि हळद-कुंकू घेऊनच आल्या. म्हणाल्या, अंगात येतंय, नाही म्हणू नये.

"अंगात बॅटरी हाय, काकू," आई म्हणाली. "तिला नारळ चालत न्हाई."

यंत्र बसवणाऱ्या नगरच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, खुर्चीत बसवून आणि पलंगावर निजवून. झटका आला नाही. केसपेपरवर त्यांनी इंग्रजीत लिहिलं की त्रास मानसिक असावा. तो शेरा असेपर्यंत कुणी एक्स-रे काढणार नव्हतं. मी आईला हे सांगितलं नाही. उलट मलाच वाटायला लागलं, असेलही तसं. डॉक्टर एवढे शिकलेले.

तिसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावर आईनं विचारलं, त्यात काय लिहिलंय. मी अडखळत सांगितलं. ती पिशवी उचलून आत निघाली.

आत डॉक्टरांनी पलंगाकडं बोट दाखवलं. आई सरळ फरशीवर बसली. एक पाय दुमडला, दुसरा गुडघा उभा ठेवला, पदर खोचला आणि पुढं वाकून रिकाम्या फरशीवर भाकरी थापायला लागली. दारातून लोक बघत होते. मी हळूच म्हटलं, आई, ऊठ.

"तू गप बस. यांनी मला निजवून तपासलं. मी निजून भाकरी करत न्हाई."

पाच-सहा थापा झाल्या असतील. मग झटका आला आणि तिचं कोपर टेबलाच्या पायावर आपटलं. डॉक्टर खुर्चीतून उठले. "मावशी, तशाच बसा," म्हणाले, आणि तसंच वाकवून एक्स-रे काढायला लावला. वायर जागची सरकली होती.

त्यांनी शेरा खोडला. पुन्हा ऑपरेशन करून वायर नीट बसवू, म्हणाले. आईनं विचारलं, या वेळी घरी सोडायच्या आधी मला खाली बसवून बघणार का? ते म्हणाले, बघू.

"बघू न्हाई. लिहून द्या."

असं लिहून देता येत नाही, असं ते हसून म्हणाले. आईनं पिशवीतून यंत्राचा रिमोट काढला आणि त्यांच्यासमोरच यंत्र बंद केलं.

कळ परत आलीय. ती पाय धरून बसते, पण लिहून मिळालं नाही म्हणून ऑपरेशनची तारीख तिनं अजून घेतलेली नाही. काल मी एका वाक्याचा अर्ज लिहिला: रुग्णाला घरी सोडण्याआधी जमिनीवर बसवून तपासावे. खाली आईनं सही केली. उद्या कॉलेज बुडवून तो दवाखान्यात द्यायला मी एकटीच जाणार आहे, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.