गालावरची पाच बोटं

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

कारंजात कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर माझी सारी उमर गेली. फवारणीच्या औषधाची बाटली कुणी न वाचता थैलीत टाकली, की मी ती परत काढून घ्यायचो. "वाच आधी. खूण कोणत्या रंगाची हाय ते पाह्य. लाल म्हणजे जीव घेणारी, हिरवी म्हणजे त्यातल्या त्यात गरीब. अन् नवं औषध असन तर आधी एका ओळीवर मार, दोन दिवस थांब, मंग वावरभर." लोक पाठीमागे मला मास्तर म्हणत. म्हणोत. माझ्या हातून कुणाचं पीक जळालं नाही.

तीच विद्या एक दिवस लिपस्टिकवर चालवावी लागेल, असं मात्र स्वप्नातही आलं नव्हतं.

माझ्या मुलीला गहू चालत नाही. लहानपणापासून पोळी खाल्ली की ती अंग खाजवायची. आम्ही म्हणायचो, उष्णता आहे. मग दोन वर्षांपूर्वी तळेगावला नात्यातल्या एका लग्नात तिनं मैत्रिणीची लिपस्टिक लावली. मांडवातच ओठ सुजले, मानेवर पित्त उठलं आणि घसा आवळत गेला. दवाखान्यात नेताना गाडी हायवेवर ट्रकच्या मागं अडकली. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हतो, आणि मागच्या सीटवर पोरगी 'बाबा' म्हणायला तोंड उघडत होती. आवाज निघत नव्हता. इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून निभावलं. पण ते उघडं तोंड माझ्या डोळ्यापुढून अजून हटलेलं नाही.

पुढे सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. खाण्यात तर नकोच, पण हिची कातडी इतकी नाजूक आहे की नुसतं लागलं तरी उठतं. क्रीम, साबण, शाम्पू, सगळं पाहून घ्या. ओठांना लावायचं तर दहादा पाहा, ते पोटात जातं.

आणि यंदा तिचं लग्न ठरलं.

नवरीला मेकअप नको, असं कोणत्या तोंडानं म्हणणार? पोरगी मोबाईलमध्ये नवऱ्या मुलींचे फोटो पाहत बसायची. तिची आई मला म्हणाली, "तुम्हीच निवडा सारं. बाटल्या वाचाचंच काम केलं न जन्मभर?" टोमणा होता, पण खरा होता. दुसऱ्या दिवशी मी भिंग खिशात टाकून वर्धेला गेलो.

दुकानातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसल्या. हसा म्हटलं. एकीनं डबी पुढं केली, "काका, हे घ्या, एकदम ऑरगॅनिक आहे."

"धोतऱ्याचं बीही ऑरगॅनिकच असते. खाशील काय?"

मग त्या हसल्या नाहीत. मी एकेक डबी उलटी करून वाचू लागलो. पुढच्या बाजूनं कंपनी बोलते, मागच्या बाजूनं माल बोलतो, हे मला शेतीच्या औषधांनी शिकवलेलं. गव्हाचं नाव कुठं सरळ लिहिलेलं असतं? नसतं. एका क्रीमवर लिहिलं होतं 'ट्रिटिकम व्हल्गेर'. दुसरा कुणी असता तर त्याला ते फुलाचं नाव वाटलं असतं. पण कृषी पदविकेला असताना गव्हाचं हेच शास्त्रीय नाव मी घोकलं होतं. "अरे, हा तर गहू हाय!" मी असा ओरडलो की आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. नंतर तर तो सगळीकडे सापडत गेला. कुठं गव्हाच्या अंकुराचं तेल, कुठं गव्हाचं प्रोटीन. 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं पाच-सहा वस्तूंवर दिसलं, तरी त्याही मी उलटून वाचल्याच.

निवडून आणलेल्या वस्तूंचा एकेक ठिपका रोज मुलीच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावायचा, शेजारी पेनानं नंबर टाकायचा आणि दोन दिवस थांबायचं. एक लिपस्टिक वाचण्यात पास झाली होती, तरी खाज सुटली. सुगंध घातलेला होता तिच्यात. बाद. तिच्या आईच्या टिकल्यांच्या पाकिटातून मी दोन रंग काढले. बाद झालेल्या वस्तूला लाल टिकली, चालणाऱ्याला हिरवी. शेवटी एक क्रीम, एक फाउंडेशन, एक काजळ आणि गर्द लाल रंगाची एक लिपस्टिक एवढ्यांना हिरवी टिकली लागली. मुलीनं ती लिपस्टिक लावून आरशात पाहिलं आणि कितीतरी वेळ आरशासमोरून हललीच नाही. मी दारात उभा राहून तिचा श्वास मोजत होतो.

पार्लरवालीशी तर भांडणच झालं. मी म्हटलं, तुझे ब्रश चालणार नाहीत, त्यांना दुसऱ्यांची पावडर लागलेली असते.

"काका, मी ते दर वेळी शाम्पूनं धुते!"

"अन् त्या शाम्पूत काय हाय, वाचलं काय कधी?"

तिनं रागारागानं बाटली आणून वाचली. गव्हाचं प्रोटीन. बिचारी खाली बसली. "दहा वर्षांपासून वापरून राह्यली मी हे," एवढंच म्हणाली. तिनं नवे ब्रश घेतले, ते वेगळ्या डब्यात ठेवले, आणि त्या डब्यालाही मी हिरवी टिकली लावली.

हळदीचा दिवस उजाडला. हळकुंडं घरी कुटलेली. बेसनाची डाळसुद्धा मी चक्कीवर जाऊ दिली नव्हती, कारण तिथं आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात. ती घरच्या मिक्सरमध्ये काढली. बायका कंटाळून म्हणाल्या, "बाप्पा, नवरीपेक्षा नवरीच्या बापाचेच नखरे भारी!" मी कुणाला जुमानलं नाही.

हळद लागली, गाणी झाली, हळद सुकली. मी पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर येऊन पाहतो तर माझी मोठी बहीण मुलीसमोर बसलेली. हातात तेलात मळलेला कणकेचा गोळा. आमच्या घरात सुकलेली हळद आत्यानं त्या गोळ्यानं चोळून उतरवायची, म्हणजे चेहरा उजळतो. घरातल्या सगळ्या पोरींची ताईनंच उतरवली होती. गव्हाचं दुखणं खाण्याचं, अंगाला लावायला काय हरकत, असं तिला वाटलं असावं. गोळा गालापासून वीतभर अंतरावर होता.

मी झडप घातली. गोळा तिच्या हातून हिसकला, मुठीत चिरडला आणि अंगणात भिरकावला. "मारून टाकतं काय व पोरीले? डोकं हाय का नाई तुले?"

गाणी थांबली. सत्तरीची माझी बहीण, जिनं मला कडेवर खेळवलं, ती चार बायकांत मान खाली घालून बसली. मुलीला रडू फुटलं. "बाबा, आत्याले असं काऊन बोलता? त्यायनं लावलं कुठं अजून?"

तिचं रडणं मला पाहवेना. मी खाली वाकलो, तिचा गाल हातात धरला, डोळे पुसले. "रडू नको, माय. झालं न, वाचली तू."

पाच-दहा मिनिटांनी कुणीतरी बाई कुजबुजली, "अव पाह्य, बापानं हाणली वाटते पोरीले."

मी पाहिलं. मुलीच्या उजव्या गालावर पाच बोटं उठली होती. लाल, फुगलेली, अंगठ्यासकट. डोळ्याखालची कातडी सुजू लागली होती. मला काहीच कळेना. सगळ्यांत आधी कळलं ते ताईला. तिनं माझा हात धरून उताणा केला. रेषारेषांत कणीक होती, अंगठीच्या खाली कणीक होती.

"पाह्य तुह्या हाताकडे," ती म्हणाली. बस, एवढंच.

ताईनं मला बाजूला सारलं, स्वतःचे हात साबणानं धुतले, भरपूर पाण्यानं मुलीचा चेहरा धुऊन काढला, डॉक्टरांनी देऊन ठेवलेली गोळी दिली. कुणीतरी दारात गाडी सुरू करून ठेवली होती. मी दूर भिंतीशी उभा राहून ओरडत होतो, "घसा कसा हाय? बोल काहीतरी, बोल!" जवळ जायची हिंमत नव्हती. ती बोलेपर्यंत मी ट्रकच्या मागं अडकलेल्या त्या गाडीतच होतो.

"बोलून तर राह्यली न, बाबा," ती म्हणाली.

आवाज होता. संध्याकाळपर्यंत बोटं उतरली. मी ताईच्या पाया पडलो. ती म्हणाली, "आता तरी डोकं थंड ठेव." पण तिचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यामुळं भरले होते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. हिरव्या टिकलीची क्रीम, हिरव्या टिकलीची लिपस्टिक. पोरगी इतकी सुंदर दिसत होती की मी नीट पाहिलंच नाही, दृष्ट लागेल म्हणून. दिवसभर मी तिला शिवलोही नाही. बिदाईला सगळे गळ्यात पडून रडले, आणि मी गाडीच्या पलीकडे हात पाठीमागं बांधून उभा राहिलो.

ती मला शोधत आली.

"हात धुतले काय, बाबा?"

"तीनदा."

"मंग ठेवा न."

तिनं गाल पुढं केला. मी हात ठेवला. मी लहान पोरासारखा रडत होतो.

गाडी गेली. बोटांना तिचा मेकअप लागला होता. ताई जवळ येऊन म्हणाली, "चाल, सकाळपासून उपाशी हायेस. हात धू अन् जेवाले बस."

"थांब थोडं," मी म्हणालो.