एकाच नावाच्या दोघी

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात कॉम्प्युटरची कामं करून देणारी दुकानं बोटांवर मोजण्याइतकी होती, आणि त्यांतल्या एकात मला पहिली नोकरी लागली. मालकांना आम्ही साहेब म्हणायचो. ते पूर्वी कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांनी एका धर्मादाय दवाखान्याचं काम आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. चौकशीच्या खिडकीवर माणसं पेशंटचं नाव सांगायची आणि तिथल्या बाई रजिस्टर चाळत बसायच्या. नाव टाकलं की वॉर्ड आणि खाट लगेच दिसावी, एवढंच दवाखान्याला हवं होतं.

म्हणजे शब्दकोशच. शब्दाऐवजी नाव, अर्थाऐवजी खाटेचा नंबर. सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत असा कोश आयता मिळत नाही, आपणच बांधावा लागतो. मी शंभरेक कप्पे केले. कॉम्प्युटरात प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; नावातल्या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करायची, तिला कप्प्यांच्या संख्येनं भागायचं आणि बाकी उरेल त्या नंबरच्या कप्प्यात ते नाव ठेवायचं. शोधतानाही तोच भागाकार, म्हणून सगळी यादी चाळायची गरज नाही. दोन वेगळी नावं एकाच कप्प्यात आली, तर दुसरं पहिल्याच्या मागे साखळीसारखं अडकवायचं. या साखळीनं मला फार रडवलं. एखादी कडी निसटायची आणि तिच्यामागची सगळी नावं गायब व्हायची. जमलं तेव्हा मी साहेबांना त्यांच्या टेबलावरून ओढून आणलं.

"आणि तेच नाव पुन्हा आलं तर?" त्यांनी विचारलं.

"तर पेशंटची खाट बदलली असं समजायचं. जुनी माहिती पुसून नवी लिहायची."

त्यांनी मान डोलावली. दवाखान्यात रोज कोणाची ना कोणाची खाट बदलायचीच.

चाचणीसाठी मी खिडकीत बाईंच्या शेजारी मशीन घेऊन बसू लागले. एका सकाळी भिवापूरकडचा एक म्हातारा आला. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात स्टीलचा डबा. त्याची लेक ऑपरेशन होऊन बाळंत झाली होती. त्यानं तिचं नाव, आडनाव सांगितलं. रजिस्टर नेमकं ऑफिसात गेलं होतं, म्हणून बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नाव टाकलं. पडद्यावर झटकन ओळ आली.

"बाबा, तुमच्या मुलीला आज सकाळीच सुट्टी झाली. घरी गेली ती."

म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. "घरी? कोनाच्या घरी? मी घरूनच येऊन राहिलो ना पोरी."

"सासरी गेली असेल. जावई घेऊन गेले असतील."

"जावाई तं माह्यासंगच आला. तो पाहा, पानठेल्यापाशी उभा हाये." आता त्याचा आवाज बदलला. "टाके हायेत तिले. लेकरू हाये संगं. कोन घेऊन गेलं वं तिले?"

मी ओळ पुन्हा वाचली. तीच होती. बाईंनी मला खांद्याला धरून उठवलं. "तू यांच्यासोबत वर जा. मी रजिस्टर घेऊन येते."

आम्ही जिना चढलो. मागून जावई धावत आला, काय झालं ते त्याला कोणी नीट सांगेना. म्हातारा डबा पोटाशी घट्ट धरून चालला होता. ती तिथं नसली तर याला काय सांगायचं, हेच माझ्या डोक्यात. बाळंतिणींच्या वॉर्डाच्या दाराशी सिस्टर म्हणाल्या, "काहून पळून राहिले सगळे?" आणि त्यांच्या मागेच, भिंतीकडच्या खाटेवर, एक मुलगी उशीला टेकून वेणी घालत होती. शेजारी दुपट्यात बाळ.

"बाबा, किती उशीर केला! भूक लागली ना मले."

म्हातारा स्टुलावर बसला. त्यानं डबा उघडून लेकीच्या पुढ्यात ठेवला. मी दाराशीच उभी राहिले.

तेवढ्यात बाई रजिस्टर घेऊन आल्या आणि उलगडा झाला. त्याच नावाआडनावाची दुसरी एक बाई, वेगळ्या गावची, डोळ्याच्या ऑपरेशनला आली होती आणि सकाळी घरी गेली होती. दोघी एकच समजून माझ्या प्रोग्रॅमनं या मुलीची खाट पुसून तिथं त्या बाईंची सुट्टी लिहिली होती.

"म्हंजे कॉम्प्युटरनं मले घरी धाडलं म्हना की!" ती मुलगी हसायला लागली आणि लगेच पोट धरून बसली. "हासवू नका वं बाई, टाके दुखून राहिले." मग म्हाताराही हसला. जावई हसला तो सगळ्यांत शेवटी, त्याला आता कुठे गोष्ट कळत होती.

मी दवाखान्यातूनच साहेबांना फोन केला. ते ओरडतील म्हणून रिसीव्हर कानापासून थोडा लांबच धरला होता.

"मुलगी बरी आहे ना?" त्यांनी आधी विचारलं.

"हो. जेवते आहे."

"मग बरं झालं, चूक चाचणीतच निघाली. नाव दोघींचं असू शकतं, केसपेपरचा नंबर एकीचाच. आता तू सांग काय करायचं ते."

मी सांगितलं: माहिती नावाखाली ठेवायचीच नाही, नंबराखाली ठेवायची. नावाखाली फक्त नंबरांची साखळी, त्या नावाचे जेवढे पेशंट तेवढ्या कड्या. साखळी तर मला आता येतच होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाईंसमोर तेच नाव टाकलं. दोन ओळी आल्या, एकीखाली एक: गाव, वय, खाट, एकीपुढे सुट्टी, दुसरीपुढे बाळंतिणींचा वॉर्ड.

बाईंनी चष्मा वर करून दोन्ही ओळी वाचल्या. "आता विचारता तरी येईल, कोणत्या गावची म्हणून," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेरच्या रांगेला हाक मारली, "या, पुढचे कोण?"

त्या खिडकीत मी पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसले.