मॅडमचे पाचशे

राज्य फुटत होतं ते वर्ष. आमच्या प्रसूती रुग्णालयात सगळे तेलंगणात राहणार की आंध्रात जाणार याचे फॉर्म भरत होते. मी नांदेडकडच्या बौद्ध घरातली, नल्लकुंट्यात वाढलेली, ऑपरेशन थिएटरातली सिस्टर. जन्म हैदराबादचा, बोली मराठी. माझं काय करावं ते कारकुनाला सुचेना, म्हणून मी जागेवरच राहिले.

त्यातच एका शिकाऊ डॉक्टरणीनं प्रबंधाला विषय घेतला: सिझेरियनमध्ये बाळ बाहेर आल्यावर रक्तस्राव कमी व्हावा म्हणून इंजेक्शन देतात, त्यातलं नेहमीचं बरं की नवं. कुठल्या बाईला कोणतं दिलं हे आम्हाला कळू द्यायचं नव्हतं. सिरिंजवर नुसतं एक किंवा दोन लिहिलेलं. लगेच थिएटरात पक्ष पडले. भुलीचे डॉक्टर दोनचे, मी एकची, आणि आत काय आहे ते दोघांनाही ठाऊक नाही. बाहेर राजकारणात तरी वेगळं काय चाललं होतं?

रक्त मोजायचं काम माझ्याकडे आलं. पूर्वी ते नजरेनंच मोजत, आणि ऑपरेशन करणाऱ्या आमच्या वरिष्ठ मॅडमना प्रत्येक वेळी पाचशे मिलीच दिसत. पहिलटकरीण असो की चौथी खेप, पाचशे. डॉक्टरणीनं चिक्कडपल्लीच्या बाजारातून स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, त्यावर टोमॅटोचं चित्र. मी रक्तानं भिजलेले कपडे पिशवीत घालून तोलायची, कोरड्याचं वजन वजा करायची आणि नळीनं ओढून सक्शनच्या बाटलीत जमलेलं रक्त त्यात मिळवायची.

एका सकाळी देगलूरकडची बाई आली. मुलगी झाली, टाके घातले, आणि हातमोजे काढता काढता मॅडम म्हणाल्या, पाचशे. माझं उत्तर अकराशेच्या वर. पुन्हा तोललं, तेवढंच. भाजीच्या काट्यावर कोण विश्वास ठेवतं, असं मॅडम म्हणाल्या. मी सलाइनची अर्ध्या लिटरची न फोडलेली बाटली काट्यावर ठेवली. आकडा पाचशेच्या जरासा वर.

"मॅडम, पाचशे एवढं असतं."

मॅडमनी बाटलीकडे पाहिलं, मग बाईची नाडी धरली. चादर उचलली तर खाली रक्त चालूच होतं. गर्भाशय ढिलं पडलं होतं. मग एक की दोन हे कुणी विचारलं नाही. वेगळं औषध दिलं, पोट चोळलं, रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या. तासाभरानं थांबलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम डॉक्टरणीला म्हणाल्या की यापुढे सगळ्याच बायकांचं तोलायचं, प्रबंधात असो नसो.

दोन्ही औषधांत फरक इतका थोडा निघाला की दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो म्हणून सांगितलं. डॉक्टरीण पास झाली, मॅडम आंध्रात गेल्या.

देगलूरची बाई सहाव्या दिवशी घरी निघाली. तिनं किती रक्त गेलं ते विचारलं. मी सांगितलं.

"एवढं गेलं? मग वरण तरी जरा दाट द्यायचं होतं, सिस्टर."