सनाचा हात

हे मी कुणाजवळच बोललो नाही. सनाच्या अम्मीजवळसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळत नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. अबुधाबीबाहेरच्या एका शूटिंग क्लबात मी रायफली दुरुस्त करायचो, स्पर्धेची काडतुसं हातानं भरायचो. माझी मुलगी सना तिथेच नेम धरायला शिकली. घरात अखंड बडबड, तीही इंग्रजीत. रायफल हातात आली की मात्र गप्प — श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही.

रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीला चेंबर म्हणतात. दोन चेंबर अगदी सारखे कधीच नसतात, केसभर फरक असतोच. म्हणून काडतूस त्या त्या चेंबरच्या मापानं भरायचं. माप चुकलं तर दर वेळी काही फुटतंच असं नाही — फक्त गोळ्या एका जागी पडत नाहीत. फक्त!

क्लबच्या टीमच्या निवडीआधी तिच्या रायफलीची झिजलेली नळी मीच बदलली. नवी नळी म्हणजे नवा चेंबर. माप घ्यायला हवं होतं ना? नाही घेतलं. 'उस्ताद, तुमचं काडतूस चुकत नाही,' असं सगळे म्हणायचे — आणि मला ते खरं वाटायला लागलं होतं. जुन्याच मापानं भरली सगळी.

निवडीच्या दिवशी पहिल्याच गोळ्या फाकल्या. सनानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी हातानं खुणावलं — चालू दे, यल्ला. शेवटपर्यंत फाकतच राहिल्या. तिचं नाव यादीत आलं नाही.

मी वर्कशॉपमध्ये जाऊन चेंबर मोजला. कळलं. बाहेर आलो तर ती भिंतीला टेकून उभी.

"अब्बा, वॉज इट द राउंड्स? काडतुसं?"

तिनं सरळ विचारलं होतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं.

"नाही बेटा. तुझा हात हलला."

तिनं स्वतःच्या हाताकडे पाहिलं. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "ओके."

रडली असती, भांडली असती तर कदाचित बोललोही असतो — पण हे तरी खरं का? माहीत नाही. ती पुन्हा कधी रेंजवर आली नाही. क्लबातून बोलावणी आली, मीही म्हटलं, चल ना. कुठल्या तोंडानं म्हटलं?

आता ती बँकेत आहे, तिला लेक झालीय. परवा बाळाची नखं काढायची होती. नेलकटर माझ्यापुढे धरून हसत म्हणाली, "यू डू इट, अब्बा. माझ्या हातांचा काही भरोसा नाही."

तिचा हात कधीच हलला नव्हता. हे तेव्हा तरी म्हणायचं होतं. मी बाळाचं बोट धरलं आणि एकेक नख काढत बसलो.