पूजेनंतर पास झालेल्या नावा

इतकी वर्षं झाली, पण गोदावरीच्या घाटावरचं ते नावेचं प्रकरण अजून लख्ख आठवतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती आणि मी सायखेड्याच्या बाजूला फौजदार होतो. पूल लांब, म्हणून फुलं-भाजीवाले नावेनेच पलीकडे जाऊन नाशिकची गाडी धरायचे. एका सकाळी भरली नाव बुडाली. पाणी छातीएवढंच होतं म्हणून माणसं वाचली, झेंडूच्या पाट्या मात्र वाहून गेल्या.

गावाने नावाड्याला धरून ठाण्यात आणलं. "लय माणसं कोंबतो ह्यो," असा एकच सूर. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि त्याचा परवाना जायची वेळ आली. त्याला दुसरी कमाई नव्हती. जबाबात तो एवढंच म्हणाला, "साहेब, नाव पास केलेली हाय. मी काय तिच्या पोटात शिरून बघू?"

पंचनाम्यात मी तळाची फळी बोटाने दाबली, तर भुसा हाती आला. वर डांबर मात्र चकचकीत होतं.

दोन दिवसांनी आमचा एक खबऱ्या कुजबुजला, "नावा पास करणारे तपासनीस दोन हायेत. त्यातल्या एकाच्याच नावा गळत्यात. बुडाली तीबी त्यानंच पास केलेली."

त्या तपासनिसाला बोलावलं. गोड बोलणारा गृहस्थ. ठाण्यात आलेला माणूस सहसा घाम पुसतो, हा मिशीवरून हात फिरवत चहा पीत बसला. "साहेब, माझ्याकडे जुन्या नावा येतात. आणि तुम्ही घाटावर मोडक्या दिसणाऱ्या नावाच अडवता. मग माझ्याच सापडणार की!"

राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. मोडकी नाव दिसली की आमचे शिपाई शिट्टी मारायचे, रंगवलेलीकडे कुणी बघायचं नाही.

म्हणून घाटावरची प्रत्येक नाव, नवी असो की जुनी, सारखीच तपासायची ठरवली. वाळूची पोती भरून सगळ्या नावा पाण्यात उभ्या केल्या. नावाडी वैतागले. "साहेबाला वाळूचा धंदा करायचाय का?" असंही एकजण बोलला. संध्याकाळी पोती उतरवली. दुसऱ्या तपासनिसाने पास केलेल्या म्हाताऱ्या नावासुद्धा आतून कोरड्या होत्या. या गृहस्थांच्या नव्याकोऱ्या नावांतही पाणी साचलं होतं.

त्यांना पुन्हा समोर बसवलं. याने नक्की खाल्लंय, अशी माझी खात्री होती. निघालं भलतंच.

"तळाच्या फळ्या पटाशीने टोचून पाहिल्या होत्या?" मी विचारलं.

त्यांनी चटकन गालांवर हात मारून घेतले. "पूजा झालेल्या नावेला लोखंड लावू? पाप लागेल, साहेब!"

तिथेच धागा हाती लागला. मोसमाच्या सुरुवातीला नावेला डांबर देऊन, हळद-कुंकू वाहून नारळ फोडायचा, आणि मग तिला लोखंड लावायचं नाही, ही त्या घाटाची रीत. दुसरा तपासनीस डांबराआधीच येऊन उघड्या फळ्या टोचायचा. हे गृहस्थ पूजेच्या दिवशीच उगवायचे, कारण त्या दिवशी मानाचा फेटा आणि पुरणपोळी! ताटावरून उठून, चकचकीत डांबर पाहून सही करायची. या माणसावर धड चिडताही येईना, मला हसू आवरत नव्हतं.

मी सविस्तर अहवाल पाठवला. नावाडी सुटला, परवानाही राहिला. तपासनिसाला वरून सक्त ताकीद मिळाली आणि हुकूम निघाला की आधी टोचणी, मग डांबर, मग पूजा. पहिल्या फेरीला तपासनिसाने स्वतः नावेत बसायचं, ही भर माझी.

पुढच्या मोसमात नावाड्याने तळ नवा करून नाव आणली, पण काठावरून कुणी पुढे होईना. तपासनिसाला पोहता येत नव्हतं. त्यांनी फेटा बाजूला ठेवून घामाघूम होईस्तोवर एकेक फळी टोचली होती. ते देवाचं नाव घेत चढले. ते पाहून एक झेंडूवाली पाटी सावरत त्यांच्या शेजारी जाऊन बसली. "चल बाबा, गाडी चुकंल," ती नावाड्याला म्हणाली. वल्ही हातात घेताना त्याचे डोळे भरून आले होते. मला त्या सकाळी फार बरं वाटलं.

अपघात झाला की समोर सापडेल त्याला आपण धरतो. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत, बस असो की जत्रेतला पाळणा, मी आधी विचारायचो, "हे पास कुणी केलं? आणि ते स्वतः यात बसतील का?"