साहेबांना भोपळा

भाच्याने साहेबांना जवळजवळ मारलंच होतं. तेही लाडाने.

आत्या आजारी बहिणीकडे राहायला गेली होती. जाताना तिने भाच्याला दहादा बजावलं होतं: साहेबांना सकाळी भाजी, मग कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे. पांढरी अळी एखाददुसरीच, जिभेचे चोचले म्हणून. साहेब म्हणजे दाढीवाला सरडा. हातभर लांब, चिडला की गळ्याखालची काटेरी दाढी काळी करणारा. पहिल्या दिवशी भाच्याने भाजी ठेवली. साहेबांनी तोंड फिरवलं. अळी ठेवली, साहेब धावत आले. ती धाव पाहून भाचा असा विरघळला की पुढे रोज अळ्याच. भाजी चिरायचा त्रासही वाचत होता, पण ते त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

आत्या परत आली तेव्हा साहेबांचे मागचे पाय ओल्या फडक्यासारखे फरफटत होते.

"काय घातलंस त्याला?"

"आवडीने खात होते गं..."

"आवडीने! तुला आवडीने नुसता गूळ घातला असता, तर आज तोंडात एक दात राहिला असता का, मेल्या?"

डॉक्टरांनी सरडा उलटा करून पाहिला. "हाडं मऊ पडलीत. अळ्या म्हणजे नुसती चरबी, कॅल्शियम नाहीच. औषध देतो, पण आता भाजी पोटात जायलाच हवी. खाल्लं नाही तर अवघड आहे."

"ते मला ठाऊक आहे, याला सांगा!" आत्याने डॉक्टरांनाही सोडलं नाही.

राग आत्याच्या नाकावर नुसता बसलेला नव्हता, तिथे घर बांधून राहिला होता. पूर्वी ती शर्टांच्या कारखान्यात होती. काम भरभर व्हावं म्हणून सुपरवायझरने सुयांपुढच्या, बोटं वाचवणाऱ्या जाळ्या काढायला लावल्या आणि शेजारच्या मुलीच्या बोटातून सुई आरपार गेली. आत्याने सगळ्या मशिनी बंद पाडल्या. सुपरवायझरने वर सांगितलं, जाळी याच बाईंनी काढली, वर उद्धटपणाही केला. आत्या घरी बसली ती बसलीच. मग पुढच्या खोलीत कपडे बारीक-मोठे करून द्यायला लागली. प्राण्यांच्या दुकानदाराने पडदे शिवून घेतले आणि पैशांऐवजी हा सरडा तिच्या गळ्यात मारला. दिवसभर उबेत बसायचं, मान डोलवायची, काम शून्य. नाव ठेवायला आत्याला क्षणभरही लागला नाही. "रंग बदलण्यात मात्र आमचा जुनाच साहेब पुढे," ती म्हणायची.

आता भाच्याच्या मागे शिक्षा लागली. रातकिड्यांच्या डब्यात गाजर घालायचं, कारण किड्याच्या पोटात जाईल तेच साहेबांच्या पोटात. मग किडे पिशवीत घालून कॅल्शियमच्या पुडीत घोळवायचे. भोपळ्याच्या बारीक चिऱ्या करायच्या. पण किड्यामागे धावायला साहेबांचे पाय चालेनात आणि भाजीकडे ते बघेनात. ओव्हरलॉक मशिनीत दोरा ओवायच्या लांब चिमट्यात चिरी धरून भाच्याने "खा ना रे राजा" असं किती आळवलं! साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आण इकडे तो चिमटा." आत्या काचेच्या पेटीशी ठाण मांडून बसली. "साहेब, गिळा आता मुकाट्याने! फुकट बसून खायची सवय लागलीय!"

"मला म्हणालात, बाई?"

दारात खरा साहेब, कारखान्यातला तोच सुपरवायझर, उभा होता. हातात पँट. भाच्याने जीभ चावली.

"कंबर जरा सैल करून हवी होती," तो म्हणाला. "तुमच्यासारखा हात कुणाचा नाही."

"कारखान्यात हा हात दिसला नाही. तेव्हा नुसती जीभ दिसली."

"जाऊ द्या आता. वरून दबाव होता हो. आपण सगळी नोकरमाणसं."

"बोट कुणाचं गेलं? वरच्यांचं? ती पोरगी आज सुई धरू शकत नाही. आणि जाळी मी काढली?"

संतापाने तिचा हात थरथरत होता. चिमट्यातली चिरी जिवंत किड्यासारखी तडफडत होती. पेटीत साहेबांनी एक डोळा उघडला. मान तिरकी केली.

"आत्या..."

"तू गप्प बस!"

"आत्या, थांबू नकोस! चिडत राहा!"

सपकन जीभ आली आणि चिरी गायब झाली.

आत्याने खाली पाहिलं. दुसरी चिरी पुढे धरली, पण आनंदाने तिचा हात स्थिर झाला होता. साहेबांनी मान फिरवली. तशी ती खऱ्या साहेबाकडे वळली.

"हं, काय म्हणत होतात? कुणाचा दबाव?"

बिचारा बोलत राहिला. वरिष्ठांचा धाक, घराचे हप्ते, वाढलेला रक्तदाब. आत्याचा हात थरथरत राहिला आणि साहेबांनी अख्खी वाटी संपवली.

"बरं, शिलाई किती द्यायची?"

"पैसे नकोत. जाळी तुम्ही काढायला लावलीत, एवढं एक वाक्य त्या पोरीसमोर बोला आणि पँट घेऊन जा."

"बघतो," म्हणून तो गेला. तो वळणावर पोचायच्या आत आत्याने पँटची कंबर टराटरा उसवली.

आता साहेब चारही पायांवर नीट चालतात. मधूनच भाजीवर रुसतात, तेव्हा भाचा भिंतीवरच्या खिळ्याकडे बोट दाखवतो. ते एक वाक्य अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून पँट तिथेच लटकते आहे, कंबर उसवलेली. आत्या तिच्याकडे बघते, चिमटा उचलते आणि तिचा हात थरथरू लागतो.